गेरूची रेघ

पूर्वी शोणा नदीच्या काठी शोणावती नावाची नगरी होती. तिथं राजा अरिमर्दन राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी अमात्य होते. बाकीच्या अमात्यांकडे खजिना, किल्ले, सैन्य अशी मानाची कामं, आणि बोधिसत्त्वांकडे कोंडवाडा. दरबारात त्यावरून थट्टा चालायची. 'शेणाचे अमात्य' म्हणायचे त्यांना. ते ऐकून घ्यायचे आणि हसायचे, कारण पायाला शेण खरोखरच लागलेलं असायचं.

शोणावतीचा कोंडवाडा इतर नगरांसारखा चुकार गुरांचा नव्हता. इथं मारकुट्या मालकांची गुरं आणून ठेवीत. राजाचा कायदाच तसा होता. जनावराला कुणी उपाशी ठेवलं, रक्त येईस्तोवर मारलं, जखमेवर जू ठेवलं, तर कुणीही उठून तक्रार करावी. राजपुरुषांनी ते जनावर ताब्यात घ्यावं आणि पौर्णिमेच्या न्यायसभेत राजापुढे उभं करावं. गुन्हा ठरला तर मालकाचं जनावर जाई, आणि ज्या जुवाखाली त्यानं जनावर पिळलं तेच जू त्याच्या मानेवर येई. तक्रार फसली तर ते जू तक्रार करणाऱ्याच्या मानेवर. जनावर मधेच मेलं, तरी तक्रार फसलीच.

कायदा चांगला होता, पण त्याला एक वाईट शेपूट होतं. पूर्वी कोंडवाड्याचेच काही लोक आणलेल्या जनावराला मुद्दाम चरे पाडायचे आणि मालकाला नाडायचे. ते उघडकीला आल्यावर राजा असा भडकला की माणसाच्या साक्षीवरचा त्याचा विश्वासच उडाला. माणूस फितवता येतो, जखम फितवता येत नाही, असं तो म्हणू लागला. त्यानं हुकूम काढला की जनावर ताब्यात घेतानाच प्रत्येक जखमेभोवती गेरूची रेघ ओढायची आणि न्यायसभेपर्यंत त्या रेघेच्या आत कुणी बोट घालायचं नाही. पाणी नाही, औषध नाही, माशी उडवायला फडकंसुद्धा नाही. रेघ पुसली की खटला पडला. या युक्तीचा राजाला भारी अभिमान. पाहुणे आलेल्या राजांना तो ती मोठ्या कौतुकानं सांगायचा. बोधिसत्त्वांनी त्याला समजावून पाहिलं होतं, पण राजानं हात झटकले. रेघेच्या आत जनावराचं काय होतं हे बघायला तो स्वतः कोंडवाड्यात कधी आला नव्हता.

त्या नगरीत उग्रक नावाचा घाणेवाला राहायचा. नगरीतले निम्मे दिवे त्याच्या तेलावर जळायचे. त्याच्या धाकट्या भावाची विधवा, चंपिका, त्याच घरात होती. नवरा गेला तेव्हा तिच्यासाठी मागं राहिलं ते एकच, पिंगळ्या नावाचा बैल. नवऱ्यानं त्याला पाडा असताना आणलं होतं. पण घर एक, घाणा एक, आणि घाणा उग्रकाचा. मग बैलही त्याचाच झाला. चंपिकेनं त्यावर कधी वाद घातला नाही. सकाळी पेंड घालायची, संध्याकाळी अंग चोळायचं, एवढं तिला पुरे होतं.

कौमुदीचा उत्सव जवळ आला. नगरीला दिव्यांसाठी तेल हवं होतं, आणि उग्रक काय सोडतो. उजाडल्यापासून घाणा सुरू, तो पार दिवेलागण होऊन गेली तरी सुरूच. जुवाच्या खालच्या बाजूला लाकडाची एक गाठ वर आलेली होती, ती तासून काढायला वेळ कुणाला. गाठीनं पिंगळ्याची मान सोलली, सुजली, फुटली. वर उग्रक घाण्याच्या फळीवर बसून हातातल्या काठीनं तीळ ढवळायचा, आणि बैल रेंगाळला की तीच काठी नेमकी त्या फुटलेल्या जागी टोचायचा. चंपिकेनं सांगून पाहिलं, पाया पडून पाहिलं. उग्रक म्हणाला, बैलाला खरूज आहे, भिंतीला मान घासतो, मी काय करू. दुसऱ्या दिवशी पुन्हा जू चढलं तेव्हा चंपिकेला ते बघवेना. ती हातातलं सूप तिथंच टाकून उठली आणि तडक कोंडवाड्यात गेली.

राजपुरुष आले, बैल सोडला, मानेवरच्या जखमेभोवती गेरूची रेघ ओढली आणि कायद्याप्रमाणे तक्रार करणारीचं नाव भर अंगणात मोठ्यानं सांगितलं. उग्रकानं आरडाओरडा केला नाही. त्यानं चंपिकेचं गाठोडं उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि शांतपणे म्हणाला, "धाकटे, जिथं तक्रार केलीस तिथंच जेव आता." ती कोंडवाड्याच्या कडब्याच्या खोपीत राहायला गेली.

उग्रक मोठा हुशार. तो राजाकडे गेला आणि हात जोडून म्हणाला की उत्सवाचं तेल काढायचं आहे, न्यायसभेत उभं राहायला फुरसत कुठली, माझा खटला ही पौर्णिमा सोडून पुढच्या पौर्णिमेला घ्यावा. उसना बैल आणून घाणा चालवतो, नगरीत अंधार पडू देत नाही. राजाला ते पटलं. कोंडवाड्यात मात्र बातमी कळली तेव्हा चंपिका धावत पिंगळ्यापाशी गेली. उघडी जखम, आणि त्यावर पुढच्या पौर्णिमेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. उग्रकाला दुसरं काही करायचंच नव्हतं, नुसतं थांबायचं होतं.

मग सुरू झालं ते थांबणं. चंपिका पिंगळ्याजवळ बसायची. माश्या घोंघावायच्या, रेघेच्या आत उतरायच्या, आणि तिचा हात उठायचा तोच पहारेकरी खाकरायचा. तो काही वाईट माणूस नव्हता, पण त्यालाही पोट होतं. बोधिसत्त्व रोज यायचे, कोवळं गवत घालायचे, बैलाचे डोळे बघायचे, जखम बघायचे, आणि जायचे. चंपिकेला त्यांचा राग यायचा. एवढा मोठा अमात्य, आणि नुसता बघतो. आपला बैल तग धरील, हाडापेराचा मजबूत आहे, असं ती स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगायची.

एका सकाळी पिंगळ्यानं गवताला तोंड लावलं नाही. तो खाली बसला तो उठेना. जखमेत अळ्या वळवळत होत्या. रेघेच्या आतली कातडी एकसारखी थरथरत होती आणि बाकीचं अंग निपचित होतं. बोधिसत्त्वांनी कडुलिंबाचा पाला घालून पाणी उकळायला सांगितलं आणि ते चंपिकेसमोर जमिनीवरच बसले.

"बाई, हा पौर्णिमा बघणार नाही," ते म्हणाले. "ही जखम धुवायला हवी. पण रेघ पुसली की जू तुमच्या मानेवर येतं, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय मी हात लावणार नाही. सभेत मी ते माझ्यावर मागेन. राजा देईलच असं मात्र सांगता येत नाही."

चंपिका भडकली. आजवर मनात साठलं होतं ते सगळं बाहेर आलं. जुवाखाली आपण मेलो तर मेलो, मागं रडायला कुणी नाही, असं ती म्हणाली. पण पुढं काय, ते सांगा.

"खटला पडला की बैल भावजींच्या दावणीला जाणार, आर्य. म्हणजे तुम्ही याला बरा करणार, आणि तो कशासाठी, तर पुन्हा त्याच घाण्याला जुंपायला? त्यापेक्षा मरू दे की त्याला इथं, माझ्या डोळ्यांदेखत."

बोधिसत्त्वांनी जखमेकडे बोट केलं. मग म्हणाले, "आत्ता याच्या मानेत किडे आहेत, एवढंच मला दिसतंय."

चंपिकेनं पिंगळ्याकडे पाहिलं. त्यानं एक डोळा उघडला, तिला ओळखलं आणि पुन्हा मिटला. तिला वाटलं, आपण इतके दिवस या बैलाला जपत नव्हतो, पुराव्याला जपत होतो. तिला स्वतःचीच शरम वाटली. ती उठली, चुलीवरचं पातेलं पदरानं धरून तिनंच उचलून आणलं आणि पिंगळ्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"धुवा," ती म्हणाली. "मी धरते त्याला."

कोंडवाड्याचं फाटक सताड उघडं होतं, ऊन वर आलं होतं, रस्त्यानं लोक जात होते. बोधिसत्त्वांनी सगळ्यात आधी ओल्या हातानं ती गेरूची रेघ पुसली. पहारेकरी घाबराघुबरा होऊन पुढं आला तेव्हा त्याला ते म्हणाले, रेघ अमात्यांनी पुसली असं जाऊन सांग, तुझ्यावर काही येऊ देऊ नकोस. मग त्यांनी एकेक अळी काढली, सडलेलं मांस कापलं, जखम धुतली, हळद भरली, कडेनं करंजाचं तेल लावलं. पिंगळ्या एकदाच हंबरला आणि त्याचं तोंड चंपिकेच्या पोटात शिरलं. संध्याकाळी तो पाणी प्यायला.

पुढचे दिवस चंपिका कधी विसरली नाही. एरवी जखम भरते तसा माणसाला आनंद होतो. इथं जखम रोज थोडी भरत होती आणि रोज जू तिच्या मानेच्या जवळ येत होतं. खपली धरली, खपली पडली, गुलाबी कातडी आली, तिच्यावर लव आली. पिंगळ्या शेपटीनं माश्या हाणायला लागला, गवतासाठी हट्ट करायला लागला. ती त्याच्या गळ्याला मिठी मारायची आणि त्याच वेळी आपल्या मानेवरून हात फिरवून बघायची. पळून जावं असंही तिच्या मनात आलं. पण बैलाला घेऊन पळता येत नव्हतं आणि त्याला सोडून पाय निघत नव्हता.

पौर्णिमा आली. शिक्षा तिथल्या तिथं व्हावी म्हणून राजा उग्रकाच्या अंगणात येऊन बसला. अमात्य, नगरजन, सगळे जमले. पिंगळ्याला पुढं आणलं. उग्रकानं त्याच्याभोवती एक फेरी मारली, मानेवरून हात फिरवला आणि अगदी गोड आवाजात विचारलं की महाराज, जखम कुठं आहे. मी या बैलाला लेकरासारखं वागवलं. खरूज होती, ती गेली. या बाईनं मात्र माझ्या घराची अब्रू वेशीवर टांगली.

राजानं बोधिसत्त्वांकडे पाहिलं. त्याचा आपल्या अमात्यावर जीव होता, म्हणूनच तो जास्त दुखावला होता. बोधिसत्त्वांनी काहीही लपवलं नाही. रेघ मी पुसली, जखम मी धुतली, खटला माझ्या हातानं पडला, तेव्हा जू मला द्यावं, असं ते म्हणाले. राजा म्हणाला, कायद्यात जू तक्रार करणाऱ्याचं आहे, बदली माणूस कायद्यात नाही. बोधिसत्त्व म्हणाले की बदली माणूस चालत नाही असंही कायद्यात नाही. मागं बसलेले अमात्य एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. राजानं उग्रकाला विचारलं, तुझं काय म्हणणं. शेणाचा अमात्य आपल्या घाण्याला, ही मजा उग्रकाला सुटेना. तो म्हणाला, मला कोणीही चालेल, महाराज.

चंपिकेनं मात्र कुणाची वाट पाहिली नाही. तिनं पुढं होऊन जू उचललं होतं. बोधिसत्त्वांनी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी त्याचं डोकं धरलंत. तुमचं काम झालं."

कायदा असा की जे बैलाचं तेच माणसाचं. उखळात तिळाची एक घाणी, म्हणजे एका वेळचे तीळ, टाकली. फळीवर रोजचेच दगड ठेवले आणि रोजच्यासारखाच उग्रक वर बसला. बोधिसत्त्वांच्या डोळ्यांवर बैलाची झापड बांधली. मानेवर जू आलं. एक घाणी तेल निघेपर्यंत ओढायचं होतं.

पहिल्या फेऱ्या नीट गेल्या. लोक कुजबुजत होते, कुणी हसलंही. मग तीळ दबले, उखळात फिरणारी लाकडी लाट जड झाली आणि बोधिसत्त्वांचा श्वास अंगणाच्या टोकापर्यंत ऐकू येऊ लागला. चंपिका एकटीच जाणत होती की गाठ कुठं लागत असेल. उखळाच्या मागच्या अंगाला जमीन जरा चढती होती, पिंगळ्या तिथंच रेंगाळायचा. बोधिसत्त्वही तिथंच रेंगाळले. पुढल्या फेरीला पुन्हा तिथंच. तिनं नखं तळहातात रुतवून घेतली. तिकडं उग्रक फळीवर सैलावला होता. घाणा लयीत करकरत होता, तिळाचा वास सुटला होता, हातातली काठी तीळ ढवळत होती, आणि त्याचं मन बहुधा रोजच्याच कुठल्यातरी विचारात गेलं होतं. बोधिसत्त्व चढाला आले आणि थांबले.

"चल रे मेल्या, मेलास का," उग्रक म्हणाला, आणि हातातली काठी त्यानं जुवाखालून त्यांच्या मानेत खुपसली.

घाणा थांबला. उग्रकानं काठीच्या टोकाकडे पाहिलं, टोक लाल होतं. मग त्यानं राजाकडे पाहिलं. हात इतका सरावलेला होता की तो हलला हे त्यालाच आता कळत होतं. तो फळीवरून उतरला आणि तिथंच जमिनीवर बसला.

राजा उठून घाण्यापाशी आला. जू उचलून पाहिलं, खालची गाठ बोटानं चाचपली. मग मान पाहिली. गाठीनं सोललेली कातडी, आणि बरोबर तिच्या मधोमध काठीचं भोक. बैल आणला तेव्हा जखम नेमकी इथंच होती का, असं त्यानं पहारेकऱ्याला विचारलं. पहारेकऱ्यानं होकारार्थी मान हलवली.

राजाचा चेहरा उजळला. आपला कायदा शेवटी खरा ठरला असं त्याला वाटलं असावं. "हा पुरावा आहे," तो म्हणाला. "गेरू आणा, रेघ ओढा." पहारेकऱ्यानं बोधिसत्त्वांच्या मानेवर, जखमेभोवती, रेघ ओढली. राजवैद्य हळदीची वाटी घेऊन लगबगीनं पुढं आले. राजानं हात आडवा धरून त्यांना थांबवलं.

"रेघेच्या आत कुणी—" राजा बोलू लागला आणि थांबला.

बोधिसत्त्व झापड बांधलेलेच उभे होते. रक्त पाठीवर उतरत होतं. कुठूनशी एक माशी आली आणि जखमेवर बसली. रेघेच्या आतली कातडी थरथरली. राजानं ते पाहिलं, आणि काही कळायच्या आत त्याचा हात पुढं गेला. आपल्या शेल्यानं त्यानं माशी उडवली. शेल्याचं टोक रेघेवरून फिरलं आणि गेरू फासला गेला.

राजा हातातल्या शेल्याकडे बघत राहिला. आजवर आपल्या हुकमानं किती जनावरं अशी रेघेच्या आत थरथरत राहिली असतील, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याला भर लोकांत रडू कोसळलं. त्यानं स्वतःच्या हातानं बोधिसत्त्वांच्या डोळ्यांवरची झापड सोडली आणि वैद्यांना म्हणाला, "धुवा. आधी धुवा."

जखम बांधून झाल्यावर राजानं उग्रकाला उभं केलं आणि जू त्याच्या मानेवर ठेवायला सांगितलं. बोधिसत्त्वांनी हात जोडले. "महाराज, मी आत्ताच त्याच्याखालून आलोय," ते म्हणाले. "ते आता कुणाच्याच मानेवर नको."

त्याच अंगणात त्या जुवाचे कुऱ्हाडीनं तुकडे केले. राजानं त्याच दिवशी कायदा फिरवला. जनावर ताब्यात आलं की आधी औषधपाणी, मग न्याय. जखम येऊन बघायची ती राजाच्या अधिकाऱ्यानं आणि गल्लीतल्या चार माणसांनी, आणि माणसांच्या शब्दावर विश्वास ठेवायला राजानं शिकायचं. जनावर कोंडवाड्यात असेतोवर त्याच्या चाऱ्याचा आणि औषधाचा भार मालकावर. उग्रकाला पिंगळ्या परत मिळाला नाही, पण त्याच्या पेंडीचा भारा रोज कोंडवाड्यात पोचवावा लागला. पहिले काही दिवस तो भारा फाटकाबाहेरच टाकून जायचा. पुढं आत येऊ लागला. कोंडवाड्यातल्या जनावरांची देखभाल राजानं चंपिकेकडे सोपवली. ती म्हणाली, मला यातलं काही येत नाही, मी फक्त डोकं धरते. बोधिसत्त्व म्हणाले की धुणारे पुष्कळ मिळतील, बाई.

विहारातल्या भिक्षूंना एवढी कथा सांगून त्यांचे गुरू, शास्ते, थांबले. विहारात त्या दिवशी शिवक नावाचा एक भिक्षू अंगावर गळू फुटून पडला होता, आणि त्याची सेवा करणं कोणाच्या वाट्याचं, यावर सकाळपासून भिक्षूंची चर्चा चालली होती. नियम सगळ्यांना तोंडपाठ होते. शिवकाच्या खोलीकडे मात्र कुणी फिरकलं नव्हतं. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा अरिमर्दन म्हणजे आज सकाळपासून नियम सांगणारा हा सुदंत. घाणेवाला उग्रक म्हणजे दाराशी बसलेला कर्णिक. तेव्हाही समोरच्याचं दुखणं त्याला दिसलं नव्हतं, त्याचं लक्ष तेलावर होतं. चंपिका म्हणजे भिक्षुणी भद्रिका. पिंगळ्या आत पडलेला आहे. आणि तो अमात्य मीच होतो."

सुदंत खाली मान घालून उठला आणि पाणी तापवायला गेला. कर्णिक त्याच्या मागोमाग गेला. तेव्हा शास्त्यांनी त्या जन्मी जोपासलेला गुण सांगितला. तो गुण म्हणजे करुणा. निवाडा होईपर्यंत ती थांबत नाही.